चालणारी चटणी

पलंगावर मांडी घालून कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाणं, एवढंच स्वातंत्र्य माझ्या संसारात उरलं होतं. तेही चादरीवरच्या तांबूस-काळ्या ठिपक्यांनी धोक्यात आणलं. बायकोनं ठिपक्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चौकशीविना निकाल दिला. चटणी सांडली. मी ताट जमिनीवर घेतलं. ठिपके येतच राहिले. मग मी चोरून खातो असं ठरलं, आणि ही कीर्ती खालच्या मजल्यावरच्या वहिनींपर्यंत पोचली.

त्यातच माझ्या हातावर लाल चट्टे उठले, कवायतीला उभे राहावेत तसे रांगेत. मी म्हणालो, डास. ती म्हणाली, तिखट बाधतंय. सोलापूरच्या माणसाला तिखट बाधतं म्हणणं म्हणजे त्याचं रेशनकार्डच रद्द करणं. खोलीत कुबट वास यायचा, त्याचं खापर माझ्या मोज्यांवर फुटलं.

एका रविवारी चादर बदलताना तिनं गादीचा कोपरा उचलला. शिवणीत चटणीचा दाणा. मी सवयीनं मान खाली घातली. दाणा चालायला लागला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमच्या चटणीला पाय फुटले की."

ढेकूण. थोडे शिवणीत, थोडे पलंगाच्या सांध्यात, आणि मुख्य कचेरी माझ्या गादीच्या खुर्चीत. घर बदलणाऱ्या एका मित्रानं ती मला फुकट दिली होती, वर स्वतः उचलून रिक्षात ठेवली होती. त्याच्या मैत्रीनं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मी निर्दोष सुटलो होतो. गॅलरीत जाऊन सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनी, ती चटणी नव्हती. आमच्याकडं ढेकूण झालेत."

संध्याकाळी आमच्याकडं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका आल्या, पण एकही टेकली नाही. सगळ्यांचा गॅस घरी चालू होता म्हणे. वाण उभ्याउभ्याच संपलं.

त्यानंतर बायको माझ्याशी बोलेना. उकळत्या पाण्याची किटली हातात द्यायची आणि पलंगाच्या सांध्याकडं बोट दाखवायची. सोलापूरच्या उन्हावर विसंबून मी गादी गच्चीवर टाकली, तर मंडळी सावलीच्या बाजूला सरकली. शेवटी औषध मारणाऱ्याला बोलावलं. खुर्ची दुसऱ्या मित्राला द्यावी असं मनात आलं होतं. बायकोनं ते माझ्या तोंडावर वाचलं आणि खुर्ची मोडायला लावली.

आता जुनं सामान आणि प्रवासाची बॅग उंबऱ्यावरच बॅटरी लावून तपासली जाते. पलंगावर पांढरीशुभ्र चादर असते. सगळं शांत झाल्यावर मी ताट घेऊन, निर्दोष माणसाच्या ऐटीत, तिकडं निघालो.

"तिथं न्हाय," ती म्हणाली. "उद्या ठिपका दिसला तर तुमचा का त्यांचा, मला कळायला नको?"

मी जमिनीवर बसलो. चटणी झकास झाली होती, आणि जागची हलत नव्हती.