मगर, वारुळं आणि गरम पोळ्या

अमेरिकेत, पार्सिपनीत आमच्या शेजारी राहणारे निवृत्त इंजिनिअर काका उत्तर ऑस्ट्रेलियातल्या फॅमिली ट्रिपचे, कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरच्या घरातून केलेल्या, फोटो प्रत्येक पाहुण्याला दाखवतात. माणसापेक्षा उंच वारुळं, टेबलावर गरम पोळ्या. "सगळं प्लॅनिंग माझं!" हे प्रत्येक फोटोला. जबडा उघडून बसलेल्या मगरीलाही त्यांनीच वेळ दिली असावी.

परवा चौथ्यांदा बघताना कंटाळून मी विचारलं, "काकू एकाही फोटोत कशा नाहीत?"

"मग फोटो कोण काढणार?" काका हसले.

"फोटो मुलानं काढले," काकू म्हणाल्या. "मी कॅराव्हॅनमध्ये पोळ्या लाटत होते."

काकांनी पुन्हा पहिला फोटो लावला. मी घड्याळ बघितलं, पण उठलो नाही. या वेळी ते एकेक फोटो मोठा करून त्यात मागे दिसणाऱ्या कॅराव्हॅनच्या खिडकीत बघत होते.