गुनेलची कॉफी आंबट झाली त्या दिवशी

मेंढ्यांच्या कुरणाचं तिसरं फाटक मागे पडलं, तरी गुनेल बोलायला तयार नव्हती. चर्चपासून घर सहा किलोमीटर. एरवी एवढ्या वाटेत तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे, आणि शेजारीण सिग्ने नुसती हं हं करत चालायची. आज गुनेल दहा पावलं पुढे. पांढऱ्या चुनखडीच्या रस्त्यावर दोघींच्या बुटांचा काय तो आवाज.

चौथ्या फाटकाची कडी काढता काढता, मागे वळूनही न बघता गुनेल म्हणाली, "आज कॉफी कशी झाली होती गं?"

"चांगली होती की," सिग्ने म्हणाली.

बोलून गेली आणि तिचं तिलाच खटकलं. म्हाताऱ्या इवारला मूठमाती देऊन येतोय, अंगावर अजून काळे कपडे आहेत, आणि आपण सरळ खोटं बोललो. कॉफी आंबट होती. पहिल्याच घोटाला जीभ आखडली होती. तरी सिग्नेने कप संपवला, आणि गुनेल थर्मास घेऊन टेबलाशी आली तेव्हा दुसराही घेतला. ती एकटीच नाही, चाळीस माणसांनी तेच केलं. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला गोटलंड बेटावर कुणी नावं ठेवत नाही, आणि दुसऱ्या कपाला नको म्हणत नाही. इवारची बायको तेवढी कपाकडे टक लावून बसली होती. सगळ्यांना वाटलं, दुःखाने.

गुनेलने फाटक लावलं, पण पाऊल उचललं नाही.

"कप मी धुतले, सिग्ने. ज्याच्या त्याच्या तळाला दूध नासलेलं. दाणे दाणे. दूध कशाने नासतं ते तुला मी शिकवू?"



एकतीस वर्षं गुनेल चर्चच्या कॉफीच्या मशीनशी संसार करत होती. नवरा चुनखडीच्या खाणीत, तिथली धूळ छातीत बसून गेला. महिन्याभरात त्या वेळच्या पाद्रीबुवांनी चर्चच्या सभागृहाची किल्ली तिच्या हातात ठेवली. पाच पाच लिटरच्या दोन टाक्यांचं मशीन. बेटाचं पाणी असं की आठवड्याभरात नळीत चुना धरतो. मशीन कुरकुरायला लागलं, दहा मिनिटांची कॉफी चौदा मिनिटांवर गेली, की गुनेल बाह्या सारायची. पाणी शिंपडणाऱ्या चकतीची भोकं सुईने मोकळी करायची, लिंबूसत्त्वाचं पाणी आत सोडून चुना विरघळवायचा, मग साध्या पाण्याच्या तीन टाक्या वाहू द्यायच्या. शेवटी बोट बुडवून जिभेला लावायचं. आंबट लागलं तर आणखी एक टाकी. बारशाला, लग्नाला, मयताला, रविवारच्या प्रार्थनेनंतर, गावाने प्यायलेली प्रत्येक कॉफी त्या बोटावरून गेलेली.

"मग तू चाटून नाही बघितलंस?" सिग्नेने विचारलं.

"बघितलं. काल एक टाकी सोडली आणि केकवाला दारात आला. परत आले ती तिन्ही झाल्या असं समजून. बोट चाटलं. काही लागलं नाही. म्हटलं, झालं स्वच्छ." ती फाटकाला टेकली. "मला काहीच लागत नाही गं. फेब्रुवारीत ताप आला होता ना, तेव्हापासून. मीठ नाही, साखर नाही. घरात काही जळलं तरी वास नाही."

"सात महिने? आणि इतके दिवस कॉफी कशी जमवलीस?"

"वजन करून. पाच लिटरला तीनशे ग्रॅम. तराजूला ताप येत नाही."

सिग्नेला हसू आलं, आणि त्याची लाजही वाटली. रोज सकाळी या बाईच्या चुलीशी बसतो, आणि आपल्याला पत्ता नाही.

"हेदविगला सांगून टाक," ती म्हणाली. "पाद्रीबाई तरुण असली तरी मनाने चांगली आहे."

"चांगली आहे म्हणून तर भीती. फुलं देईल, सगळे उभे राहून गाणं म्हणतील, आणि किल्ली काढून घेईल. माझ्या जागी भिंतीवर बटण दाबलं की कॉफी देणारं डबडं येईल. मग रविवारी मी बसू कुठे? पाहुण्यांत?"

"आजचं काही बिघडलं नाही. लिंबूसत्त्वच ते, लोक सरबतात घालतात."

"आजचं!" गुनेलचा आवाज चढला. "परवा चर्चच्या कार्यालयातून चुना काढायचं नवीन औषध आलंय, निळ्या कॅनमधलं. हात भाजतील म्हणून हातमोजे घाला, असं वर लिहिलंय. काल तेच उचललं होतं मी. झाकण निघेना म्हणून परत ठेवलं. निघालं असतं तर? तेही प्यायला असतात तुम्ही. दोन दोन कप! वर आभार मानून!"

सिग्नेने कोटाच्या खिशातून हात काढून जोडले. देवा, झाकण घट्ट ठेवलंस. त्यापुढे तिला प्रार्थना सुचेना. चाळीस माणसांत गुनेलच्या सगळ्यात जवळची तीच, आणि तिनेही निमूटपणे कप पुढे केला होता.

"तो कॅन मी आत्ता जाऊन बाहेर काढते," ती म्हणाली.

"काढलाय मी. कपाटात कुलपात आहे. पण उद्या मी दुसरं काही विसरेन." गुनेलने फाटकाची कडी पुन्हा एकदा चाचपली. "हेदविगला मी सांगणार आहे. सोमवारी. रविवारी बारसं आहे, साठ माणसं. पोराच्या आईच्या बारशालाही कॉफी मीच केली होती. तेवढं एक मला करू दे."

"गुनेल..."

"ऐकून घे. पहिला कप तुझा. लोक बसायच्या आत गुपचूप नाही, सगळे बसल्यावर, सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या आधी. आणि जरा जरी वाईट लागला, तर माझं तोंड बघून गिळू नकोस. तिथल्या तिथे बशीत थुंक, आणि मोठ्याने सांग, कुणी पिऊ नका म्हणून. माझ्यासाठी करशील एवढं?"