शेजारच्या वाफ्यातली जांभळी फुलं

२०२०च्या उन्हाळ्यात, आयर्लंडच्या लिक्सलिप गावातल्या आमच्या भाड्याच्या घरामागे मी लावलेला लसूण कुजला. पात पिवळी पडली. गड्डा उपटला तर मुळाशी पांढरी बुरशी आणि खसखशीएवढे काळे दाणे. सगळा लसूण कचऱ्यात टाकला आणि मी विषय संपवला. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेल्या इंजिनिअरचं शेतीज्ञान ते केवढं!

ऑक्टोबरात शेजारच्या बाईंनी हाक मारली. सत्तरी ओलांडलेली, केमोथेरपी चालू, वाकायचीही ताकद नाही. पण हौस दांडगी. डॅफोडिलचे कंद मागवले होते, आणि लांब दांड्यावर जांभळा गोंडा येणाऱ्या एका फुलाचे. ते त्यांच्या खास आवडीचं. खड्डे मी खणले. त्यांची माती फार चिकट वाटली, म्हणून आमच्या रिकाम्या लसणाच्या वाफ्यातली भुसभुशीत माती दोन बादल्या भरून आणली. त्या दारात शाल गुंडाळून बसल्या होत्या.

"तुझा लसूण कुजला ना गं? माझ्या फुलांना नाही ना लागणार ते?"

मी हसले. "छे! भाजीचा रोग भाजीला. फुलांशी त्याची कसली सोयरीक?"

"ग्रँड," त्या निश्चिंत होऊन म्हणाल्या; इथे 'छान, ठीक' म्हणायची हीच पद्धत. माहीत नसताना ठोकून द्यायची माझी सवय जुनीच. आजवर खपून गेली होती.

फेब्रुवारीत त्या गेल्या. कोविडच्या निर्बंधांमुळे आम्ही शेजाऱ्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहूनच निरोप दिला.

मार्चमध्ये डॅफोडिल झकास फुलले. त्यांचे यजमान रोज सकाळी वाफ्यापाशी उभे राहायचे. "ही काय, कोणीही लावतं," ते मला कुंपणावरून म्हणाले. "तिची खरी फुलं मे महिन्यात." पण एप्रिलमध्येच त्या फुलांची पाती पिवळी पडून आडवी झाली. ते घरात असताना मी एक कंद उकरून पाहिला. तीच बुरशी, तेच काळे दाणे.

मग वाचलं. डॅफोडिलला हा रोग लागत नाही, पण ती जांभळी फुलं कांदा-लसणाच्याच कुळातली. आणि रोग मातीत वर्षानुवर्षं टिकतो. आठवडाभर मी त्यांना तोंड दाखवलं नाही.

शेवटी त्यांनीच गाठलं. "पाणी जास्त घातलं मी," ते म्हणाले. "ती नेहमी ओरडायची, तू झाडं बुडवतोस. एवढी एक गोष्ट माझ्यावर सोपवून गेली, तीही नासवली मी."

गप्प राहिले असते तर सुटले असते. नाही राहवलं. लसूण, दोन बादल्या माती, बाईंचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला फाडून खावं असंच वाटत होतं.

 ते कुंपणाला दोन्ही हातांनी धरून हमसून हमसून रडायला लागले.

"म्हणजे मी नाही," ते म्हणाले. "मी नाही मारली तिची फुलं."

आणि त्यांनी माझे आभार मानले.