लहान पुली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवासमोर हात जोडूनही नाही. सुरुवात कुठून करू? — गाडीपासूनच करतो. गाडीबद्दल बोलायला मला सोपं जातं.

कोल्हापुरात माझं गॅरेज आहे. गाड्यांची ताकद वाढवून द्यायचं काम करतो. अभय माझा कॉलेजपासूनचा दोस्त, जयसिंगपूरचा. आफ्रिकेतून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यानं एक पिकअप घेतली होती — पेट्रोलची, लांबलचक, गडद निळी, आणि बॉनेटखाली सुपरचार्जर. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. पाय दाबला की त्याची एक बारीक शीळ उठायची. ती मला अजून कधीकधी ऐकू येते — भर दुपारी, हातात पाना असताना.

रविवारी सकाळी आम्ही कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जायचो. सुट्टीमुळं रुंद रस्ते रिकामे, दोन्ही बाजूंच्या शेड धुक्यात अर्ध्या बुडालेल्या. अभय चालवायचा. स्टिअरिंगवर दोन बोटं, एवढंच. गिअर कधी बदलला ते कळायचं नाही — पोटातलं पाणीही हलायचं नाही. शेजारी बसून मला वाटायचं, आम्ही जागेवरच आहोत आणि खालून रस्ता वाहतोय. त्या सकाळींइतकं सुख मला पुढं कशात मिळालं? आठवत नाही.

मग पुण्यात गाड्यांचा मेळावा ठरला. तिथं ताकद मोजायचं मशीन असणार होतं. माझ्या डोक्यात एकच — कोल्हापूरच्या गॅरेजची गाडी सगळ्यांत वर यायला हवी. सुपरचार्जरची पुली, म्हणजे त्याचं पट्ट्याचं चाक, लहान केली की तो जास्त वेगानं फिरतो, जास्त हवा कोंबतो. पण हवा वाढवली की पेट्रोलही तितकंच वाढवावं लागतं, नाहीतर इंजिन आतून वितळतं. त्यासाठी पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर मागवले होते, ते यायचे होते. मी थांबलो नाही. लेथवर लहान पुली करून घेतली आणि बसवली. अभयला सांगितलं नाही — का नाही? तो नको म्हणाला असता म्हणून.

आमची गाडी पहिली आली. अभयनं मला सगळ्यांसमोर उचलून घेतलं. मेळावा झाला की जुनी पुली परत लावायची, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण परतताना तो म्हणाला, “आता गाडी जमिनीला टेकतच न्हाई की रं.” त्याचा तो चेहरा — मी पुली काढलीच नाही.

दोन आठवड्यांनी तो वडिलांना, अण्णांना, घेऊन रत्नागिरीला गेला. येताना आंबा घाटाच्या चढाला अण्णाच म्हणाले, बघू तरी तुझ्या गाडीत किती दम हाय. अभयनं पाय दाबला. वळणाच्या तोंडाशी इंजिन आतून फुटलं, चाकं जाम झाली आणि गाडी आडवी होऊन कठड्यावर आदळली. अभयला नुसतं खरचटलं. अण्णांचा खुबा मोडला. रोज सकाळी मळ्यापर्यंत चालत जाणारा माणूस — पुढं वॉकर धरून घराच्या दर्शनी सोप्यापर्यंत यायचा, तिथंच बसायचा.

गाडी ओढून गॅरेजला आणली. मी शटर खाली घेतलं आणि एकट्यानं इंजिन उघडलं. पिस्टनला भोक पडलेलं, कडा मेणासारख्या ओघळलेल्या. आता कुणाला विचारायची गरज होती? मी लहान पुली काढली, जुनी लावली. मग अभयला बोलावलं.

इथं मला थांबावंसं वाटतं. पण मग सांगायला बसलो कशाला?

मी म्हणालो, “चौथ्यातनं तिसरा गिअर घालताना तुझा पहिला पडला. त्यानं इंजिन फुटलं. सांगितलं हुतं न्हवं तुला, घाटात जोर काढू नको म्हणून?”

असं मी कधीच सांगितलं नव्हतं. गिअरही चुकला नव्हता. अभयनं गिअर टाकणाऱ्या आपल्या डाव्या तळव्याकडं बघितलं. मग म्हणाला, “व्हय. असंल.” भांडला नाही, एक प्रश्नसुद्धा नाही. त्याआधी मी त्याच्याशी खोटं बोललोच कधी होतो?

त्या दिवसापासून अभयनं स्टिअरिंग धरलेलं नाही. आठ वर्षं झाली. माझ्याकडं यायचं झालं तरी एसटीनं येतो. अण्णा शेवटचे अंथरुणावर होते तेव्हा त्यानं त्यांच्या पायाशी बसून माफी मागितली. मी दारात उभा होतो. अण्णा म्हणाले, “चुकतो की बाळा हात माणसाचा.” तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी तोंड उघडलंही होतं. मिटलं.

परवा त्याच्या मुलीला, श्रुतीला, शिकाऊ लायसन मिळालं. गाडी मीच शिकवावी म्हणून तो तिला घेऊन गॅरेजला आला. स्वतः बाकावर बसला आणि तिला म्हणाला, “काका सांगतील तसं करायचं. घाटाआधी मला सांगितलं हुतं ह्यानं. मी ऐकलं न्हाई.”

श्रुती माझ्याकडं वळली. “काय सांगितलं होतं, काका?”

आणि मी तिला सांगितलं. घाटात जोर काढायचा नाही — हळू, नीट समजावून, त्याच शब्दांत. बाकावर बसलेला अभय मान डोलवत होता.