घारोबा काय म्हणायचा

हीटरवर वाळत घातलेल्या लोकरी मोज्यांचा वास आला की मला बाबांची इथली, जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमधली ती दुपार आठवते. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, म्हणून त्यांना मी इकडे आणलं होतं. टीव्हीवर जुना अमेरिकन सिनेमा लागला आणि बाबा एकदम म्हणाले, "अरे, हा तर आपला घारोबा." घाऱ्या डोळ्यांच्या त्या नटाला हे नाव आईनं ठेवलेलं. तालुक्याच्या टॉकीजमध्ये दोघांनी त्याचे सिनेमे पाहिले होते. इंग्रजी दोघांनाही येत नसे, त्यामुळे तो काय बोलत असेल ते आई मनानंच रचून मराठीत सांगायची. तेव्हा तो घोडा दौडवत येणारा जवान. हा त्याचा अखेरीचा सिनेमा; यात तो काठी टेकत चालणारा, आणि इथल्या डबिंगच्या रीतीप्रमाणे जर्मन बोलणारा. "किती थकला रे. काय म्हणतोय?" घराण्यातला पहिला पदवीधर मी, जर्मनही परीक्षा देऊन शिकलेलो, ऐटीत एकेक वाक्य बिनचूक सांगू लागलो. बाबांनी थोडा वेळ ऐकलं. "राहू दे. तुझ्या आईचा घारोबा असं नाही बोलायचा." मी विचारलं, "मग कसं बोलायचा?" ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "आठवत नाही रे. ती सांगायची, मी नुसता हसायचो." आता बाबाही नाहीत. परवा मावशीला फोनवर विचारलं, आईचं त्यातलं एखादं वाक्य आठवतं का. ती म्हणाली, "मला कसं ठाऊक असणार? सिनेमाला ती दोघंच जायची."