पेनड्राइव्हवर भरलेला गोधडीचा क्लास

जय भीम, नमस्कार मंडळी! निगडीच्या वहिनी, गुडघा काय म्हणतोय? चाकणचे दत्ताभाऊ, खोकला गेला का एकदाचा? ताथवड्याच्या भाचीबाई, बाळाची सर्दी? आम्ही दोघं ठणठणीत... फक्त परवा रविवारी माझं बीपी जरा वर गेलं होतं, त्याचीच ही हकिकत.

माझी बायको शालन गोधड्या फार सुरेख शिवते. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या चार-पाच मुलींनी गळ घातली, काकू, ऑनलाइन शिकवा. रविवारी चारला पहिला क्लास ठरला. फोनच्या छोट्या स्क्रीनवर तिला त्यांचे टाके दिसले नसते, म्हणून लेकाचा जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला.

तो सुरू होईपर्यंत मेथीची जुडी निवडून व्हायची. लेक म्हणाला, "पप्पा, भंगारात द्या." असं कसं देणार? कंपनीत उभा जन्म मेंटेनन्समध्ये गेला माझा... यूट्यूब बघून बघून विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स पेनड्राइव्हवर घेतलं आणि रविवारी जेवण उरकून बसलो. जुनं सगळं पुसू का, असं लॅपटॉपनं विचारलं. मन घट्ट करून हो म्हटलं.

किती काम झालं ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी अर्धी भरली. म्हटलं, तोंडावर पाणी मारून यावं... उठताना हात आपोआप भिंतीकडे गेला आणि बटण बंद! मशीन उघडं टाकून उठायचं तर आधी मेन बंद, ही कंपनीतली सवय. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो चार्जरवरच चालत होता. स्क्रीन काळीठिक्कर.

परत चालू केला, तर जुनं गेलेलं आणि नवीन आलेलं नाही. "स्वतःच्या हातानं बंद केलंत? अहो, रिटायर झालात ना तुम्ही!" शालन म्हणाली आणि शेजारी बसून सुईत दोरा ओवू लागली. मग हळूच म्हणाली, "मुलींना नको म्हणून कळवते. तसंही मला कुठं शिकवता येतंय..."

हे मात्र लागलं मला. पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरुवात केली. पहिल्याच पानावर तिनं बोट ठेवलं. "हे ट्राय काय लिहिलंय? मघाशी दिसलं नाही?" दिसलं होतं हो, पण घाईत पुढचं इन्स्टॉल दाबलं होतं. काही न बसवता नुसतं पेनड्राइव्हवरूनच चालवून बघायची सोय होती ती! दाबलं... वायफाय लागलं, ब्राउझर उघडला, कॅमेऱ्यात आमची दोन घामेजलेली तोंडं दिसली.

क्लास वेळेवर सुरू झाला. पेनड्राइव्हला धक्का लागू नये म्हणून मी बाजूला पहाऱ्याला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझा टाका बघता का?" शालननं मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून... मी खुणेनं सांगितलं, अगं, तूच! पदर सारखा करून ती स्क्रीनजवळ वाकली. "बाळा, टाका लांब पडतोय. उसव आणि परत घाल."

लिनक्स खरं बसवणं अजून बाकीच आहे. ज्या अनोळखी माणसांनी हे फुकट करून ठेवलंय, त्यांचे आभार कुठं मानायचे ठाऊक नाही, म्हणून इथंच मानतो. तुमच्यापैकी कुणी बसवलं असेल तर लगेच लिहा... येत्या रविवारी मॅडमचा दुसरा क्लास आहे.