नव्या जिल्ह्याचा शिक्का

शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा वास आला की मला लातूर नुकतंच जिल्हा झालं, ते दुष्काळाचं वर्ष आठवतं. विलायतेत नर्स म्हणून कायमची स्थायिक झालेली माझी ताई माहेरी आली होती आणि तिच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. नूतनीकरणाला रहिवासाचा दाखला हवा होता, आणि ती वेळेत परतली नाही तर तिकडे राहण्याचा तिचा हक्कच जाणार होता. उस्मानाबादच्या ऑफिसात सांगितलं, तुम्ही आता लातूरचे. लातूरच्या ऑफिसात म्हणाले, आमचा शिक्काच आला नाही. चौथ्या खेपेला आम्ही दोघी उन्हातून पोचलो, तेव्हा कारकून एक खोकं फोडत होते. "बसा बाई, शिक्का आताच आला हाय," म्हणत त्यांनी तो आधी स्वतःच्या तळहातावर उमटवून पाहिला, मग ताईच्या दाखल्यावर मारला. "लातूरच्या कायम रहिवासी लिहिलंय. बरोबर हाय ना?" ताई म्हणाली, "हाव. तिकडची बी अन् हिकडची बी." ते खुशीत हसले आणि टँकरच्या त्या दिवसांत त्यांनी आम्हाला माठातलं तांब्याभर गार पाणी पाजलं. ताई वेळेत परतली. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच तिच्याकडे गेले. विमानतळावर ती काठी विसरून माझ्याकडे धावत आली अन् म्हणाली, "लई वाट बघायला लावलीस गं."